थांबलेल्या पंख्यांवरची नावं

फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. भाट्याला एका नव्या बंगल्यात झुंबर बसवत होतो, तोंडात दोन स्क्रू, आणि खिशातला फोन काही वाजायचा थांबेना. आमच्या पाळकसाहेबांचं नाव बघून उचलला. "सुहास, खरातबाई गेल्या," ते म्हणाले. "सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. शेजारीण कप न्यायला आली तर..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, कारण तोंडातले स्क्रू फरशीवर पडले आणि ते कुठे घरंगळतात ते मी बघत राहिलो. अशा वेळी माणूस काय करेल त्याचा नेम नाही. मी खाली उतरलो, स्क्रू शोधले, झुंबर पुरं बसवलं, लावून बघितलं. निघताना बाजूच्या रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला. आत जाऊन तो बंद केला आणि बटणावर बोट असतानाच मला रडू फुटलं. रिकाम्या जागेवरचा पंखा बंद करायची सवय मला बाईंनी लावली होती. तीस वर्षं वायरिंगची कामं करणाऱ्या माणसाला ही सवय पन्नाशीच्या पुढे लागावी, यात माझी शोभा किती आणि बाईंची चिकाटी किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

एस्तेर खरात हे त्यांचं नाव, पण रत्नागिरीत त्यांना सगळे खरातबाईच म्हणायचे. त्यांनी शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. उंच, हडकुळी देहयष्टी, सुती साडी, पायात रबरी चपला आणि बारा महिने हातात बाप्यांची मोठी काळी छत्री. लग्न केलं नव्हतं. मूळच्या पूर्णगडच्या. मी आठवीत त्यांच्या वर्गात होतो. एकदा त्यांनी कागदाची चकती कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल कापून तिचा लोंबता साप केला, दोऱ्याने टांगला आणि खाली मेणबत्ती लावली. साप आपला आपण फिरायला लागला. "तापलेली हवा वर जाते. ती दिसत नाही, पण कागद सांगतो," बाई म्हणाल्या. मग आम्हाला करायला लावलं. माझा साप मी इतका खाली धरला की तो पेटला आणि पुढच्या मुलीच्या वेणीपर्यंत प्रकरण गेलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सुहासने उष्णता वर जाते हे जरा जास्तच सिद्ध केलं." पुढे मी इलेक्ट्रिशियन झालो तेव्हा आमच्या मंडळीत हा किस्सा सांगितल्याशिवाय कुणी मला काम दिलं नाही.

आमचं चर्च जुनं आहे. जांभ्याच्या हातभर जाड भिंती, वर मंगळुरी कौलं आणि मान दुखेपर्यंत उंच आढं. मंडळी लहानशी. नाताळात आणि मे महिन्यात मुंबईकर आले की दुप्पट होते. या चर्चमध्ये एक पद्धत पडून गेली होती. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याने वर्षभरात चर्चला एक पंखा द्यायचा. पंख्याला तीन पाती. पहिल्या पात्यावर 'ख्रिस्तवासी', दुसऱ्यावर गेलेल्याचं नाव, तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ'. लाल रंग, रंगारीसुद्धा ठरलेला. असे करत करत एकोणीस पंखे झाले होते. तुळयांवर जागा उरली नाही तेव्हा लोक भिंतीवर पंखे लावायला लागले. काही ठिकाणी तर एका पंख्याचा वारा दुसऱ्या पंख्यालाच लागायचा. डावीकडच्या चौथ्या बाकावरचा पंखा माझ्या आईचा. मार्था तिचं नाव. मला लायसन्स मिळालं आणि त्याच वर्षी ती गेली. पहिल्या मोठ्या कामातून मी तो पंखा घेतला, स्वतः चढवला, आणि त्या दिवसापासून तो कधी बंद राहू दिला नाही. लहानपणी मला ताप आला की आई उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालायची. त्या बाकावर बसलं की मला तेच आठवायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदाच लिहितोय.

निवृत्त झाल्यावर बाईंना मालमत्ता समितीत घेतलं. समितीचं काम म्हणजे कौलं शाकारणं, पाखं दुरुस्त करणं आणि नाताळाआधी चुना. बाईंनी पहिल्याच महिन्यात मीटरपाशी उभं राहायला सुरुवात केली. उपासना सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा, हातात वही. लोकांना वाटलं, म्हातारपणी काहीतरी चाळा हवा. मग एका रविवारी त्यांनी मला हाताला धरून भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरपाशी नेलं, काळं चौकोनी खोकं असायचं ना, तसलं. "हात ठेव," म्हणाल्या. ठेवला, आणि लगेच काढला. चटकाच बसला. "पंखा तू दोनवर ठेवलास. वारा कमी झाला, पण वीज काही तेवढी कमी झाली नाही. उरलेली हे खोकं तापवते. उकाडा होतो म्हणून पंखा लावायचा आणि पंख्याच्या खोक्याने चर्च तापवायचं... सुहास, तुला हे ठाऊक नव्हतं?" ठाऊक होतं. धंद्यातला माणूस मी, न ठाऊक असायला काय झालं? पण ठाऊक असणं आणि मनाला लागणं यात फरक असतो. मी म्हटलं, "बाई, एवढ्याशा विजेने काय होतंय?" त्या म्हणाल्या, "आपण इथे बटण दाबलं की कुठेतरी कोळसा जळतो. तो धूर कुठे जात नाही, सगळ्यांच्या डोक्यावर साठून राहतो. पूर्णगडला आमच्या घरापुढे वाळूची रुंद पुळण होती, आम्ही भावंडं तिथे खेळायचो. आता समुद्र थेट माडांच्या मुळाशी आलाय. सगळं आपल्या एकोणीस पंख्यांनी झालं असं मी म्हणत नाही. पण प्रार्थना करायला धूर करायचा नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे की नाही?"

त्यानंतर त्यांची नजर गेली ती भिंतीवरच्या खुंट्यांवर. दोन्ही बाजूंना, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, दोन शिंगं फुटल्यासारख्या लोखंडी खुंट्या होत्या. पावसाळ्यात आम्ही त्यांच्यावर छत्र्या अडकवायचो, मी एकदा माईकची वायर गुंडाळली होती. त्या कशासाठी आहेत हे कुणी कधी विचारलं नव्हतं. बाईंनी विचारलं. आमचे याकूबतात्या, चर्चची झाडलोट करायचे, घंटा वाजवायचे, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. ते म्हणाले, "ता दोरीसाठी हाय. माझा बापूस ओढायचा दोऱ्या. वर झडपा हायत ना, त्या उघडायच्या." बाईंनी वर बघितलं. वर आढ्याच्या खाली दोन्ही बाजूंना ओळीने चौकोन होते, पण ते सगळे प्लायवूडने बंद केलेले आणि चुन्याने एकजीव झालेले. "आणि हे बंद कुणी केले?" बाईंनी विचारलं. याकूबतात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माईकच्या वायरकडे बघितलं. गोष्ट अशी होती की मी अठरा-एकोणीस वर्षांचा असताना एका लग्नात वरून कबुतराने नवरीच्या शालूवर प्रसाद टाकला होता, आणि पुढच्याच आठवड्यात पंचांच्या सांगण्यावरून मी चढून सगळ्या झडपांवर प्लायवूड ठोकलं होतं. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं. पंख्यांची रीघ लागली ती त्याच्यानंतरच. उन्हाळे कडक झाले असं आम्ही सगळे म्हणत राहिलो. झाले होतेच, पण आमची गरम हवा बाहेर जायची वाटच मी खिळे मारून बंद केली होती. त्या दिवशी मात्र मी तोंड उघडलं नाही.

अशात मुंबईहून पत्र आलं. मूळचं इथलंच एक कुटुंब, त्यांना आजोबांच्या स्मरणार्थ सगळं चर्च एसी करून द्यायचं होतं. माणसं चांगली, भावना खरी. मंडळीत आनंदीआनंद झाला. खाली फॉल्स सीलिंग येणार, खिडक्यांना काचा बसणार, वायरिंग नवं होणार आणि ते काम अर्थातच माझ्याकडे येणार. बैठकीत सगळे बोलून झाल्यावर बाई उठल्या. "मला एक रविवार द्या," म्हणाल्या. "ईस्टरनंतरचा. चांगला उकाडा असतो तेव्हा. वरच्या झडपा उघडते, खालच्या खिडक्यांपुढची कपाटं हलवते. पंखे सगळे बंद. उपासना संपेपर्यंत एकाला जरी घेरी आली तर एसी लावा, पहिलं बटण मी दाबते. पण नाही आली, तर एसी नको, आणि पंखेही सहा पुरेत. कमी वीज खाणारे." कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा छपरावर सोलर लावू, मग हवं तेवढं वापरता येईल. बाई म्हणाल्या, "लावू की. पण घागर गळते ती आधी लिंपायची, पाणी मग भरायचं." मग मागच्या बाकावरून एक आजी हळूच म्हणाल्या, "सहा ठेवायचे म्हणजे... बाकीचे उतरवायचे? आमच्या ह्यांचा पंखा?" आणि बैठक जी बिघडली ती बिघडलीच. जो तो आपल्या माणसाचं नाव घ्यायला लागला. एकोणीस माणसं पुन्हा एकदा मेल्यासारखं वातावरण झालं. शेवटी पाळकसाहेबांनी तो एक रविवार तेवढा बाईंना दिला.

बैठक संपल्यावर पोर्चमध्ये मी बाईंना गाठलं. मला एसीचं काम हवं होतं हे खरं, पण राग त्याचा नव्हता. राग चौथ्या बाकावरच्या पंख्याचा होता. मी म्हटलं, "माझ्या आईचा पंखा खाली उतरवायचा नाही." त्या म्हणाल्या, "आईचं नाव शेवटचं कधी वाचलंस?" मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही आणि न कळल्याचाच राग आला. मी बोलून गेलो, "तुम्हाला मागेपुढे कुणी नाही. वर तुमच्या कुणाचं नाव नाही. तुम्हाला काय कळणार?" बाईंनी छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, संध्याकाळचे सहा वाजले होते, तरी उघडली. "शनिवारी सकाळी शिडी घेऊन ये," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. शाळेत मला त्यांच्या हातची छडी कधी बसली नव्हती. ती त्या दिवशी बसली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी मी गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? बाई खाली शिडी धरून, मी वर प्लायवूडचे खिळे उपटतोय. चुन्याचे पोपडे त्यांच्या केसांवर पडत होते. तिसरी फळी निघाली तेव्हा मला राहवलं नाही. वरूनच म्हटलं, "बाई, हे मीच ठोकलं होतं." खालून आवाज आला, "ठाऊक आहे. खिळे तिरके आहेत. आठवीत प्रयोगाच्या पाटीलासुद्धा तिरकेच मारायचास." मग शिडी वेदीपाशी सरकवली. तिथे सगळ्यात पुढे, सगळ्यात जुना पंखा आहे. त्याच्यावर कुणाचं नाव नाही असंच मी समजत होतो, कारण चर्चच्या शतकी सोहळ्याला कुणीतरी त्याची पाती क्रीम रंगाने रंगवून टाकली होती. पण शिडीवरून, कडेने उजेड पडला तेव्हा, क्रीम रंगाखाली अक्षरांचे उंचवटे दिसले. मी बोट फिरवून वाचलं. योना खरात.

मी खाली बघितलं. बाई शिडी धरून भिंतीकडे बघत होत्या. "माझा भाऊ," म्हणाल्या. "नऊ वर्षांचा होता. पूर्णगडला तापात गेला. मला नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी मी तो पंखा दिला. त्याआधी इथे एकही पंखा नव्हता, झडपांवरच भागायचं. नाव घालायची कल्पनासुद्धा माझीच..." मग म्हणाल्या, "म्हणजे बघ, पंखे मी सुरू केले आणि झडपा तू बंद केल्यास. आपण दोघांनी मिळून तापवलंय हे चर्च." मी शिडीवरून बोलायला गेलो, बाई, परवा मी जे बोललो... एवढं म्हणेपर्यंत त्यांनी शिडी हलवून सांगितलं, "खिळे काढ. ऊन चढतंय." रंगवून टाकलेल्या नावाबद्दल त्यांनी इतकी वर्षं कुणाला एक शब्द विचारला नव्हता, आणि मी त्यांना सांगत होतो की तुम्हाला काय कळणार. त्या क्षणी मला माझी जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही.

दुपारी बाई घरी गेल्या. मी मात्र थिनरचा डबा आणि जुनं धोतर घेऊन पुन्हा शिडीवर चढलो आणि संध्याकाळपर्यंत त्या तीन पात्यांवरचा क्रीम रंग हलक्या हाताने पुसत बसलो. खालचा लाल रंग जपत जपत. मला माफी मागता येत नाही. हातातलं काम तेवढं येतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. झडपांना कबुतरं येऊ नयेत म्हणून मी रात्री जागून जाळी बसवली होती, कप्प्यांना तेल घातलं होतं, नव्या दोऱ्या ओवल्या होत्या. बाईंनी सकाळी लवकर येऊन एकेक दोरी ओढली आणि खुंट्यांना गुंडाळून बांधली. खालच्या खिडक्यांपुढून कपाटं आणि स्पीकरचे खोके हलवल्यावर चर्चमध्ये एवढा उजेड आला की वेदीवरचे दोन हॅलोजनही लावावे लागले नाहीत. ऊन नको म्हणून पडदे ओढायचे आणि अंधार झाला म्हणून दिवे लावायचे, हे आम्ही किती वर्षं करत होतो कोण जाणे. मधल्या तुळईला बाईंनी कागदाचा एक साप दोऱ्याने टांगला होता. पंखे बंद, सगळे एकोणीस. पहिलं गीत झालं, लोक गीतांच्या पुस्तकांनी वारा घेत होते आणि एकमेकांकडे बघत होते. मग पुस्तकं हळूहळू मांडीवर गेली. साप फिरायला लागला होता. गारवा आला असं मी म्हणणार नाही, एप्रिलातल्या रत्नागिरीला गारवा कुठला? पण हवा चालत होती. खालून येत होती, वर जात होती, आणि घंटेपाशी उभे राहून याकूबतात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले, "असाच होता पूर्वी."

आणि मग एक गोष्ट झाली, जी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. पाळकसाहेब प्रार्थनेला थांबले, लोकांनी मान वर केली आणि सगळे वाचायला लागले. पंखे थांबले होते, त्यामुळे नावं दिसत होती. ओळीने, लाल अक्षरांत, सगळी. फिरत्या पंख्यावर नुसतं एक तांबूस वर्तुळ दिसतं. ज्यांच्यासाठी आम्ही ते पंखे लावले होते त्यांची नावं आम्हीच पुसून टाकत होतो, दर रविवारी, बटण दाबून. मी चौथ्या बाकावरून वर बघितलं. ख्रिस्तवासी. मार्था. यांच्या स्मरणार्थ. 'मार्था'मधल्या कान्यावर जळमट आलं होतं. रंगाऱ्याकडून पंखा आणल्यानंतर मी ते नाव कधी वाचलंच नव्हतं. बाईंच्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा लागला. मी मागे वळलो. शेवटच्या बाकावर, बटणांच्या पाटीशेजारी, आपल्या नेहमीच्या जागेवर बसून बाई थेट समोर, वेदीपुढच्या पंख्याकडे बघत होत्या. किती तरी वेळ. उपासना संपल्यावर माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "थिनर वापरलंस ना? वास येतोय अजून." डोळे पुसले आणि मीटर बघायला पोर्चमध्ये गेल्या.

कुणाला घेरी आली नाही. एसी आला नाही. मुंबईच्या त्या कुटुंबाला बाईंनी स्वतः पत्र लिहिलं आणि त्यांनी मोठ्या मनाने कुजलेल्या झडपा सागवानी करून दिल्या. पंखे उतरवायचा प्रश्नही आपोआप मिटला. ते जिथल्या तिथे राहिले, फक्त फिरायचे थांबले. अगदी असह्य दिवसांसाठी सहा नवे, बिननावाचे पंखे लावले, आणि पाळकांच्या घराच्या स्लॅबवर सोलरचे चार पत्रे बसवले, तेवढ्या विजेवर ते सहाही भागले. मीटरवरचा लाल दिवा पूर्वी सारखा पापणी लववायचा, तो आता झोपाळू झाला. तो बघत उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा मी विसरणार नाही. नातवंडाला झोप लागली की आज्या अशा बघतात.

चार-पाच वर्षं दर रविवारी झडपा उघडणं-मिटणं हे बाईंचंच काम झालं. पावसात वारा पश्चिमेचा, म्हणून त्या बाजूच्या मिटायच्या, पूर्वेकडच्या उघड्या. दोरी बांधायची त्यांची गाठ वेगळी होती. पूर्णगडला शेजारच्या होडीवाल्यांकडून लहानपणी शिकलेली. कितीही ताण दिला तरी हलायची नाही, आणि सोडायची असली की एका ओढीत सुटायची. मला शिकवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. माझी गाठ एकतर सुटायची नाही, नाहीतर आपली आपणच सुटायची. शेवटच्या रविवारीसुद्धा तेच झालं. मी म्हटलं, "तुम्ही आहात ना, मला कशाला?" त्या हसल्या. मी चेष्टेने पुढे म्हटलं, "तुमच्यानंतर तुमच्या नावाचा पंखा लावू आणि तो मात्र चोवीस तास फिरवू." तर म्हणाल्या, "लाव. मी येऊन बटण बंद करून जाईन." मग दोरी गुंडाळली, गाठ मारली, छत्री उचलली. तीच आमची शेवटची भेट.

अंत्यविधीला चर्च भरून गेलं. मे महिना, मुंबईकर आलेले, शाळेतले कितीतरी जुने विद्यार्थी, उभं राहायलाही जागा नव्हती. पेटी वेदीपुढे, योनाच्या पंख्याखाली ठेवली होती. पहिल्याच गीताला जीव गुदमरायला लागला आणि मग माझ्या लक्षात आलं की झडपा मिटलेल्या आहेत. उघडणारं माणूसच पेटीत होतं. पुढून कुणीतरी मला खूण केली, पंखे लाव. मी उठून बटणांच्या पाटीपाशी गेलो, हात वर नेला, आणि तिथून तसाच पूर्वेकडच्या पहिल्या खुंटीकडे वळलो. बाईंची गाठ तिथे होती. रविवारी त्यांनी मारलेली, त्यांच्या हातची. ती सोडली की संपली, तशी पुन्हा मारणारं कुणी नव्हतं. गीताचं एक अख्खं कडवं मी दोरी हातात धरून उभा होतो. मग वाटलं, एका ओढीत सुटावी म्हणूनच तर त्या अशी मारायच्या. ओढली. सुटली. मग दोऱ्या ओढून एकेक करून सगळ्या झडपा उघडल्या. हवा हलली, पेटीवरच्या फुलांच्या पाकळ्या हलल्या, आणि बंद असलेला योनाचा पंखा वाऱ्याने जरासा, सावकाश फिरला. इतका सावकाश की नाव वाचता येत होतं.

आता पाऊस लागलाय. त्यांच्या नावाचं काय लावायचं यावर समितीच्या दोन बैठका झाल्या आणि काहीही ठरलं नाही, ते बरंच झालं. पूर्वेकडच्या पहिल्या खुंटीवर मात्र कुणी छत्री अडकवत नाही. तसं कुणी सांगितलेलं नाही. ओल्या छत्र्या घेऊन लोक पोर्चमध्ये थांबतात, पण त्या खुंटीला हात लावत नाहीत. झडपा आता मी उघडतो. पहिले तीन रविवार माझ्या गाठीने चांगलीच फजिती केली, एकदा तर सुरी आणावी लागली. मग घरी हत्यारांच्या कपाटाला दोरी बांधून रोज सराव केला. बायको म्हणाली, आठवीचा अभ्यास आता करताय. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर झडपा मिटायला खुंटीपाशी गेलो आणि दोरीचं टोक धरून ओढलं. एका ओढीत सुटली. मी लगेच मागे वळून शेवटच्या बाकाकडे बघितलं, बाईंनी बघितलं का म्हणून. जागा रिकामी होती. आणि तिच्यावरचा पंखा बंद होता.